बदली नंबर सात

"नाकादे-सान, तुमचं लग्न झालंय का हो?"

फुमिनोने हे विचारलं तेव्हा सेइगो नाकादेच्या हातात जेवणाच्या डब्यांचे तीन खोके एकावर एक रचलेले होते. वरच्या खोक्याच्या काठावरून त्याचे फक्त डोळे दिसत होते. ते डोळे आधी मोठे झाले, मग खोके किंचित डुगडुगले.

"न... नाही. का?"

"ठरलंय? कुणी आहे?"

"नाही..." आता कानही लाल झाले. "पण गाईड-सान, तुम्ही असं अचानक..."

"मग खोके ठेवा आणि बसमध्ये चढा. आजपासून... म्हणजे आजच्यापुरते, तुम्ही नंबर सात."

कानाझावा स्टेशनच्या पश्चिम दाराशी नोव्हेंबरची झिमझिम लागली होती. गेली दोन वर्षं रोज सकाळी आठला सेइगो आपल्या दुकानातले डबे सहलीच्या बसपाशी आणून देई आणि फुमिनो पावतीवर शिक्का मारी. "गारठा वाढलाय." "हो ना, वाढलाय खरा." एवढं बोलून दोघं आपापल्या वाटेला लागत. पावणेआठला आपण ओठांना रंग का लावतो, हा प्रश्न फुमिनोने स्वतःला कधी विचारला नव्हता. विचारला असता तर उत्तर द्यावं लागलं असतं.

आज त्याच्या गाडीचं चाक बसलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तो वीस मिनिटं उशिरा आला. नेमक्या त्याच मिनिटाला फोन वाजला. नंबर सातच्या गृहस्थांना ताप भरला होता.

सहल साधी असती तर एक सीट रिकामी गेली असती, एवढंच. पण ही वधूवर सहल होती. अकरा बायका खिडकीशी, अकरा पुरुष त्यांच्या शेजारी. दर आठ मिनिटांनी गाईडने घंटा वाजवायची आणि पुरुषांनी एकेक सीट पुढे सरकायचं. एक पुरुष कमी म्हणजे दर आठ मिनिटांनी एका बाईने रिकाम्या सीटशेजारी बसायचं. लग्न जमवायला आलेल्या बाईला रिकामी सीट दाखवायची? त्यापेक्षा तिला घरीच बसवलेलं बरं.

"मला काय करायचंय?" बिल्ला लावता लावता सेइगोने विचारलं.

"गप्पा मारायच्या. हसायचं. आणि संध्याकाळी चिठ्ठीवर एका बाईचा नंबर लिहायचा. ज्या दोघांनी एकमेकांचा लिहिला, त्यांची जोडी."

"मी तर बदली. कोरी ठेवली तर?"

"अजिबात नाही! कोरी चिठ्ठी म्हणजे अकरा जणींचा अपमान."

हे तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. दिवसभर तिला ते आठवत राहिलं.

बस सुटायच्या बेतात असताना एक किमोनोतल्या बाई लगबगीने आल्या आणि फुमिनोपुढे तीन वेळा वाकल्या. "नऊ नंबर माझी मुलगी. बापाच्या कारखान्यात सोन्याचा वर्ख बनवते. दिवसभर श्वास रोखून काम, बोलायची सवयच नाही पोरीला. तुमच्या पदरात घालते हो..." मागे उभी असलेली मुलगी, आकिए मिनासे, शरमेने बुटांकडे पाहत होती. फुमिनोला तिचा कळवळाच आला.

कळवळा बागेपर्यंत टिकला.

केनरोकुएन बागेत माळी पाइनच्या झाडांना दोर बांधत होते. बर्फाच्या भाराने फांद्या मोडू नयेत म्हणून मधोमध उंच खांब आणि त्यावरून चहूबाजूंनी शेकडो दोर, जणू झाडावर कुणी सुताचा तंबू उभारलाय. फुमिनो छोट्या कर्ण्यातून सांगत होती, "हे काम एक नोव्हेंबरला सुरू होतं. दोर कसा, किती ओढायचा, हे माळ्याच्या हातालाच कळतं..." आणि तिची नजर गेली.

डबा विसर पण छत्री विसरू नकोस, असं या गावात पोराला चालता यायच्या आत शिकवतात. सेइगो डबे बरोब्बर घेऊन आला होता. छत्री गाडीत. आणि आता तो आकिएच्या निळ्या छत्रीखाली, खांदा आत घ्यावा की बाहेर ठेवावा या विवंचनेत उभा होता. आकिएने छत्री त्याच्याकडे सरकवली. त्याने परत तिच्याकडे. तिने पुन्हा त्याच्याकडे. आणि दोघं हसली.

बोलायची सवय नाही म्हणे!

फुमिनो तरातरा बसकडे गेली, जास्तीच्या छत्र्यांमधली एक काढली आणि परत आली. "नंबर सात, आपली गैरसोय झाली. ही घ्या."

"अरे वा, आभारी आहे." सेइगोने छत्री उघडली, हसला, चार पावलं चालला आणि ती छत्री तीन नंबरच्या भिजणाऱ्या बाईंच्या हातात दिली. मग पुन्हा निळ्या छत्रीखाली.

"गाईड-सान," कुणीतरी विचारलं, "हा दोर तुटत नाही का?"

"तुटेल तेव्हा तुटेल!" फुमिनो म्हणाली, आणि मग घाईघाईने, "म्हणजे... नाही. सहसा नाही."

बागेतून सामुराईंच्या जुन्या गल्ल्यांत चालत गेलं तर वीस मिनिटं. पण सहलीची बस मुद्दाम टेकडीवरून लांबचा वळसा घेई. नाहीतर अकरा जणांनी अकरा सीटांवर बसायचं कधी? एकेक घंटा होत सेइगो पुढे सरकत होता. एक नंबरला त्याने डाळीचं सूप शिकवलं. दोन नंबर त्याच्या खांद्यावर हात मारून हसली. फुमिनो पुढच्या सीटवरून आरशात बघत होती. आरसा खरं तर ड्रायव्हरचा होता.

"पोरी," ओकिमुरा काका रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. बावीस वर्षं बस चालवणारा हा माणूस कधी तोंड उघडत नसे, आणि उघडलं की मिरचीच झोंबवत असे. "तो आरसा मला मागच्या गाड्या बघायला लागतो."

"बघा ना मग. मी कुठं अडवलंय?"

"डोकं मध्ये आहे तुझं."

तेवढ्यात सेइगो नऊ नंबरशेजारी बसला. आकिए त्याच्याकडे वळली. सबंध वळली, गुडघे, खांदे, सगळंच. काय बोलत होता तो? हात हलवत होता, काहीतरी चौकोनी दाखवत होता, मग मान खाली घालून हसत होता. दोन वर्षांत तो फुमिनोशी असं एकदा तरी बोलला होता? गारठा वाढलाय, म्हणे. गारठा!

टिंग.

पुरुष निमूटपणे उठले. घंटा झाली म्हणजे झाली. तोंडातला अर्धा शब्द गिळून माणसं पुढे सरकली. फक्त आकिएने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग फुमिनोकडे.

"तीन मिनिटं," काका पुटपुटले. "पोरी, तुझं घड्याळ पावसात भिजलं का गं?"

"पुढे वाहतूक आहे. वेळ जुळवावी लागते."

"वाहतूक." काकांनी रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. "हो. फारच आहे."

जेवणाच्या दालनात सेइगोच्याच दुकानाचे डबे उघडले गेले. कमळकाकडीचा वाफवलेला गोळा, खारवलेला मासा, अंड्याची गोडसर गुंडाळी. "अगंबाई, हे तुम्ही केलंत? स्वतः?" असा गलका उठला. चारी बाजूंनी बायका त्याच्याकडे झुकल्या. कुणी पाककृती विचारली, कुणी पहाटे किती वाजता उठता ते. आकिए काही विचारत नव्हती. तिने फक्त हात पुढे केला आणि सेइगोच्या बाहीवर चिकटलेलं भाताचं शीत उचललं. दोन बोटांनी, इतक्या हलक्या हाताने की त्याला कळलंसुद्धा नाही. वर्खाची सवय असलेली बोटं ती. वाऱ्यानेही फाटेल असं सोनं उचलणारी.

फुमिनोने आपल्या हातांकडे पाहिलं. शिक्क्याच्या शाईने अंगठा जांभळा झाला होता.

दुपारी सामुराईंच्या गल्लीत, मातीच्या भिंतींमधून जाताना ती एका सरदाराच्या बायकोची गोष्ट सांगत होती. नवरा राजधानीत, बायको इथे दाराशी वाट बघतेय. "आणि ती बिचारी तीन वर्षं वाट बघत होती," फुमिनो म्हणाली. पुढे निळी छत्री आणि तिच्याखाली दोन डोकी... "पण पुरुषांचं काय, छत्री दिसली की शिरले खाली."

कर्णा चालूच होता.

गल्लीत क्षणभर नुसता पावसाचा आवाज. मग अकराही बायका खो खो हसत सुटल्या. "अगदी बरोबर, गाईड-सान!" चार नंबरच्या गृहस्थांनी कुतूहलाने विचारलं, "त्या काळी छत्र्या होत्या?" सेइगो मात्र वळून बघत होता. थेट फुमिनोकडे, ओठ घट्ट मिटून, हसू दाबल्यासारखा. तिला वाटलं, या भिंतीतली माती आपल्याला पोटात घेईल तर बरं.

नदीपलीकडच्या चहाघरांच्या आळीत सगळ्यांना अर्धा तास मोकळा दिला होता. फुमिनो एका लाकडी जाळीच्या आडोशाला उभी राहून कोमट चहा पीत होती, तोच शेजारी आकिए येऊन उभी राहिली.

"गाईड-सान. सकाळी आमच्या वाट्याला तीनच मिनिटं आली."

फुमिनो कमरेतून वाकली. अगदी खालपर्यंत. चेहरा दिसू नये म्हणून थोडी जास्तच. "माझी चूक झाली. मनापासून क्षमा मागते."

"नाही, नाही. पुरली." आकिए चहाच्या वाफेकडे पाहून हसली. "तीन मिनिटांत आतून बाहेरून कळावा, असाच माणूस आहे तो. असं कुणी आपल्याबद्दल... अं... असं मन लावून बोलणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला."

वाक्य तिने तिथेच आवरलं. श्वास रोखायची सवयच ती. फुमिनोने चहाचा कप खाली ठेवला. राग यावा तर कुणाचा? मुलगी चांगली होती. हेच तर दुखत होतं. वाईट असती तर मनसोक्त जळता तरी आलं असतं.

परतीच्या वाटेवर चिठ्ठ्या गोळा झाल्या. बावीस चिठ्ठ्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन ती ड्रायव्हरमागच्या सीटवर बसली. पुरुषांच्या एका हाताला, बायकांच्या दुसऱ्या हाताला. दोन नंबरच्या बाईंनी अकरा लिहिलं होतं, अकरा नंबरच्या गृहस्थांनी दोन. छान. एक जोडी झाली. पाच, सहा... काही नाही.

मग सातची चिठ्ठी. गोल, नीटस अक्षर. पावत्यांवर दोन वर्षं पाहिलेलं.

नऊ.

तिने बायकांची नऊची चिठ्ठी उघडली. उघडायच्या आधीच माहीत होतं तिला.

सात.

बाहेर समुद्राच्या बाजूला गडगडाट झाला. हिवाळ्याच्या तोंडावर अशी वीज कडाडली की गावातली माणसं म्हणतात, मासे जागे झाले, आता जाळी भरणार. "झाली सुरुवात," काका म्हणाले. "किती जोड्या गं?"

सातची चिठ्ठी फुमिनोच्या मुठीत होती. चिठ्ठ्या गाईडशिवाय कुणी बघत नसे. परत गेल्यावर त्या फाडून टाकायच्या, हा नियमच होता. मूठ फक्त मिटलेली ठेवायची. एवढंच. उद्या सकाळी आठला तो पुन्हा डबे घेऊन येईल, गारठा वाढलाय म्हणेल...

"एक," ती म्हणाली.

काकांनी आरशात पाहिलं. या खेपेला मागच्या गाड्यांसाठी नाही. 

तीन वेळा वाकलेल्या त्या आई फुमिनोच्या डोळ्यांसमोर आल्या. त्या आता स्टेशनवर, कदाचित तासाभरापासून, येऊन थांबल्या असतील. पदरात घालते म्हणाल्या होत्या. आणि ही मूठ?

"दोन," फुमिनो म्हणाली. "दोन जोड्या, काका."

तिने उभं राहून जाहीर केलं. आवाज अजिबात हलला नाही. सात वर्षांच्या नोकरीत एवढं तर ती शिकलीच होती. "आणि दुसरी जोडी... नंबर सात आणि नंबर नऊ. मनःपूर्वक अभिनंदन."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सेइगो तोंड उघडं टाकून बसला होता. आकिएच्या हातातला रुमाल खाली पडला. आनंदाने माणसं अशी दिसतात का, असं फुमिनोला ओझरतं वाटून गेलं, पण तिने लगेच नजर वळवली. बस स्टेशनवर थांबली तेव्हा रीतीप्रमाणे जोड्या आधी उतरल्या. मग बाकीचे. ती दाराशी उभी राहून प्रत्येकाला वाकून निरोप देत होती. आभारी आहोत, पुन्हा या. आभारी आहोत... पुन्हा कशाला येताय?

बस रिकामी झाली. काचेतून तिला दिसलं. छपराखाली सेइगो आकिएपुढे वाकला. आकिए त्याच्यापुढे वाकली. तो पुन्हा, आणखी खाली. ती पुन्हा. मग दोघंही एकदम. प्रेमात पडलेली माणसं एकमेकांची इतकी क्षमा मागत नाहीत. आकिए हसत हसत आईच्या छत्रीत शिरली आणि निघून गेली. तिने बसकडे पाहून हात हलवला. कुणाला?

"मी जरा पाय मोकळे करून येतो," काका म्हणाले आणि टोपी घेऊन उतरले. बावीस वर्षांत त्यांनी पाय कधी मोकळे केले नव्हते.

फुमिनोने झाडू घेतला. सहल संपली की गाईडने पुढून आणि ड्रायव्हरने मागून बस झाडायची, ही रीत. ती पहिल्या रांगेत वाकली तेव्हा मागच्या दाराने कुणीतरी चढलं.

"काका म्हणाले, त्यांची कंबर धरलीय," सेइगो म्हणाला. हातात दुसरा झाडू होता. "मागचा अर्धा भाग माझा."

"तुम्ही पाहुणे आहात."

"बिल्ला परत केला की नाही राहणार." त्याने तो काढून खिडकीत ठेवला आणि झाडायला लागला.

खर्र, खर्र. पुढून एक, मागून एक.

"अभिनंदन," फुमिनो जमिनीकडे बघून म्हणाली.

"गाईड-सान, ती चूक झाली."

"चिठ्ठ्या मी दोनदा पाहिल्या."

"चिठ्ठ्या बरोबर होत्या. आम्ही चुकलो." खर्र. "मिनासे-सान आईच्या समाधानासाठी आल्या होत्या. मला म्हणाल्या, मी चार नंबर लिहिणार आहे, ते गृहस्थ दिवसभर छत्र्यांचाच विचार करतायत, माझं नाव काही लिहायचे नाहीत. मला वाटलं, मग मी नऊ लिहिलं तर कुणालाच त्रास नाही. कोरी ठेवायची नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं."

"आणि त्यांनी सात का लिहिलं?"

"ऐनवेळी चार नंबर त्यांच्याकडे बघून हसला. घाबरल्या बिचाऱ्या. म्हणाल्या, सातइतकं बिनधोक कुणी नाही. सात काही आपलं नाव लिहिणार नाही."

"का? का नाही लिहिणार?"

मागचा झाडू थांबला. पाऊस टपावर बोटं वाजवत होता.

"सकाळी त्यांच्याशेजारी तीन मिनिटं बसलो होतो ना... त्यातली अडीच मिनिटं मी तुमच्याबद्दल बोलत होतो."

फुमिनो सीटची पाठ धरून सरळ झाली.

"काय बोलण्यासारखं होतं एवढं? गारठा?"

"तुम्ही शिक्का मारताना जीभ ओठात धरता. पावतीच्या चौकोनाच्या बरोब्बर मधोमध बसावा म्हणून. रोज. आणि तरी थोडा डावीकडे जातो." त्याने हवेत चौकोन काढला. सकाळचाच. "हे सांगत होतो तर घंटा झाली."

"ती मी..." तिचे कान तापले. सांगावं की नाही? पण आज दिवसभरात एक मूठ उघडून झालीच होती. "ती मी मुद्दाम वाजवली. मला बघवेना. छत्रीसुद्धा सोय म्हणून नव्हती आणली. त्या निळ्या छत्रीखालून तुम्हाला काढायला आणली होती. आणि तुमची चिठ्ठी मी मुठीत दडवली होती. बरंच अंतर."

"मग बाहेर का काढलीत?"

"तुम्ही खरंच मनापासून लिहिली असती तर? दुसऱ्याचं सुख मुठीत धरून उद्या सकाळी कुठल्या तोंडाने शिक्का मारला असता मी?"

त्याने झाडूच्या काड्या सारख्या केल्या. मग मान खाली घालून म्हणाला, "छत्रीचं मला कळलं होतं."

"काय?"

"म्हणून तर ती तीन नंबरना दिली. दोन वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझ्याकडे पावती नसताना बघत होतात. रागाने का होईना... मला थांबवेना."

"म्हणजे दिवसभर मुद्दाम? तुम्ही... तुम्ही म्हणजे!" तिने झाडू असा जोरात मारला की धूळ सहाव्या रांगेपर्यंत उडाली.

"थोडंसं. दुपारी कर्ण्यात बोललात, तेव्हा मात्र लाज वाटली मला."

"मला नाही वाटली?"

"चिठ्ठीवर तुमचाच नंबर लिहायचा होता, फुमिनो-सान," तो म्हणाला. नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं होतं. अडखळला नाही, पण त्याआधी एक श्वास घेतला. "पण गाईडला नंबरच नसतो."

   ती पुन्हा झाडायला लागली. तोही. चौथी रांग, पाचवी. मागून आठवी, सातवी. खर्र, खर्र... सहाव्या रांगेत दोन्ही झाडू एकमेकांना टेकले, आणि दोन छोट्या ढिगांचा एक ढीग झाला.

केर भरायची सुपली पुढे, ड्रायव्हरच्या सीटमागे होती. आणायला कुणीच गेलं नाही.